जुन्या थ्री-फेज सुतारकाम मशीनची मोटर जोर का सोडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात गावोगावी रंधा, कटर, पट्टा करवत आणि कॉम्बाइन मशीनं आहेत. त्यातल्या कित्येकांवरची मोटर मालकाच्या वडिलांनी घेतलेली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून मला एकच तक्रार फिरून फिरून ऐकू येते: "भाऊ, मोटर फिरस, पन जोर नही धरस." मोटर बांधायचं, म्हणजे आतलं तारेचं वाइंडिंग नव्यानं भरायचं, माझं काम आहे, तरी आधीच सांगतो, मोटर खोलून गाडीत टाकण्याआधी खालचं वाचा. दोष मोटरीबाहेर सापडला तर तुमचे पैसे वाचतात आणि चांगली मोटर विनाकारण उघडली जात नाही.

झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. दुसऱ्या कुणी येऊन स्विच दाबला तरी काही होता कामा नये. चालू लाइनवर मोजमाप करायची वेळ आली, तर ते काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

१. मशीन रिकामं छान चालतं, लाकूड लावलं की बसतं. मोटर गेली का?

एवढ्यावरून ते सांगता येत नाही. रिकाम्या मशीनला फिरायला फार थोडी ताकद लागते, त्यामुळे निम्मी कमजोर झालेली मोटरसुद्धा रिकामी छान पळते. दोष शोधताना लाकडाकडून सुरुवात करून मागे मागे जायचं: आधी धार, मग पट्टा आणि पुली, मग मशीनचं बेअरिंग, मग मोटरच्या टोकाशी येणारं व्होल्टेज, मग स्टार्टर, आणि सगळ्यात शेवटी मोटर. बहुतेक जण हे उलटं करतात. पहिल्याच दिवशी मोटर उतरवतात, ती ठीक निघते, आणि परत बसवल्यावर तक्रार होती तिथेच राहते.

२. मोटर तीस-चाळीस वर्षांची आहे. वयामुळे जोर कमी होतो का?

नाही. थ्री-फेज इंडक्शन मोटरमध्ये झिजणारे ब्रश नाहीत आणि उतरणारं चुंबकही नाही. पत्रे, तांबं आणि रोटरच्या (आतल्या फिरणाऱ्या भागाच्या) सळ्या जागेवर असतील, तर चाळीस वर्षांनीही ती पहिल्या दिवसाइतकीच ताकद देते. वयानं म्हातारं होतं ते इन्सुलेशन आणि बेअरिंग. इन्सुलेशन गेलं की मोटर जळते, हळूहळू अशक्त होत नाही. म्हणून "मोटर म्हातारी झाली" असं कुणी सांगितलं, तर "नेमकं काय म्हातारं झालं?" एवढंच विचारा. जोर खरोखर कमी झाला असेल तर त्याला एखादं ठरावीक कारण असतं आणि ते सापडतं.

३. दोष मशीनचा आहे की मोटरचा, हे घरच्या घरी कसं ओळखू?

पट्टा उतरवा आणि कटरचा किंवा रंध्याचा शाफ्ट हातानं फिरवा. तो बोटाच्या जोरावर फिरला पाहिजे आणि सोडल्यावर थोडा स्वतःहून फिरत राहिला पाहिजे. अडकतो, खरखरतो किंवा ग्रीस करपल्याचा वास येतो, तर मोटरला हात लावू नका, मशीनचं बेअरिंग बदला.

मग पट्टा बघा. व्ही-बेल्टची पकड बाजूंवर असते, तळावर नसते. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल, तर पट्टा झिजून खाली बसला आहे आणि तो घसरणारच. दोन पट्ट्यांची पुली असेल तर दोन्ही पट्टे एकदम बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर सगळा भार नवा एकटाच ओढतो. लाकूड लावल्यावर मोटरचा आवाज तसाच राहतो पण कटर थांबतो, म्हणजे मोटर बिचारी फिरतेच आहे, पट्टा घसरतो आहे. मोटर आणि कटर दोन्हींचा वेग एकदम उतरला, तरच पुढे जा.

आता धार. सातपुड्याच्या सागात सिलिका असते, ती पात्याची धार लवकर खाते. आपल्याकडे धाब्याची जुनी घरं मोडली की त्यातले सागाचे सरे चिरायला येतात. लाकूड सोन्यासारखं असतं, पण त्याला वर्षानुवर्षांची माती चिकटलेली असते आणि आत खिळे असतात. असा एक सरा चिरला की दुसऱ्या दिवशी फोन येतो, "मोटर बसते." ओल्या बाभळीचीही तीच गोष्ट, चिरा मिटतो आणि पातं दाबलं जातं. नवं किंवा ताजी धार लावलेलं पातं बसवून तेच लाकूड एकदा चिरून पाहा. ही तपासणी दहा मिनिटांत होते आणि तिला खर्च नाही, तरी ती सगळ्यात शेवटी केली जाते याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक विचारून घ्या: मधल्या काळात कुणी पुली बदलली का? मोटरवर मोठी पुली चढवली की कटर जोरात पळतो, पण प्रत्येक फुटाला मोटरवर येणारा भार वाढतो.

४. व्होल्टेज किती असायला हवं, आणि ते कुठे मोजायचं?

आपल्याकडच्या जुन्या मोटरच्या प्लेटवर बहुधा ४१५ व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर ४०० किंवा ४४०. मोजायचं ते मोटरच्या टर्मिनलवर, आणि तेही लाकूड लावलेलं असताना. मेन बोर्डावर रिकाम्या वेळी ४२० दिसतं, त्याला काही अर्थ नाही.

व्होल्टेज थोडं उतरलं की जोर त्याच्या वर्गानं उतरतो, हे इथलं मुख्य गणित आहे. ४१५ ला जो जोर मिळतो तो १०० धरला, तर ३८० ला ८४ राहतो, ३५० ला ७१ आणि ३२० ला जेमतेम ५९. म्हणजे व्होल्टेजची घट चौथ्या हिश्शाहूनही कमी, तरी जोर चाळीस टक्क्यांनी गेला. ज्या फीडरवर (वीजवाहिनीवर) केळीच्या आणि कपाशीच्या पाण्याच्या मोटरी आहेत, तिथे रब्बीत एकदम पाणी सुरू झालं की हे रोज घडतं. त्याच मशीनवर तेच लाकूड रात्री मोटरी बंद असताना सहज चिरलं जात असेल, तर उत्तर मिळालं.

वायरही बघा. शंभर मीटर लांब २.५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम वायर असेल, तर पाच एचपी मोटरच्या चालू भारावर त्यात साधारण १३ व्होल्ट जातात. सुरू होताना करंट सहापट होतो तेव्हा ४०-५० व्होल्ट जातात. वखार वाढली, शेड मागे गेलं, वायर मात्र तीच राहिली, असं बऱ्याच ठिकाणी असतं.

५. मोटर दोन फेजवर चालतेय हे कसं ओळखायचं?

चालू मोटरचा एक फेज गेला तर ती थांबत नाही, फिरत राहते, आणि फसगत तिथेच होते. आवाज जाड आणि घुमणारा होतो, बॉडीला हात लावला तर थरथर लागते, आणि लाकूड लावताच वेग पडतो. तोच भार ओढायला उरलेल्या दोन वायरींतून साधारण पावणेदोन पट करंट जातो. बंद करून पुन्हा चालू केली तर ती सुरूच होत नाही, नुसती गुंगुं करते. ही पक्की खूण आहे. अशा वेळी हातानं शाफ्टला धक्का देऊन मोटर चालू करायची काहींना सवय आहे. ती धक्क्यानं सुरू होतेही, पण तसं अजिबात करू नका. बोटं जातात आणि वाइंडिंगही जळतं.

जळालेली मोटर उघडल्यावर वाइंडिंगच सांगतं काय झालं ते. (स्टार आणि डेल्टा म्हणजे वाइंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती, प्रश्न १० बघा.) स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि एका फेजच्या पिवळ्याधमक राहिल्या, किंवा डेल्टात एकाच फेजच्या काळ्या आणि दोघांच्या चांगल्या, तर मोटर दोन फेजवर चालून जळाली. सगळ्या कॉइल सारख्या काळ्या असतील तर भार जास्त होता किंवा हवा कोंडली. मोटर बांधायला दिली की कारागिराला म्हणा, "कॉइल कापायच्या आधी मला दाखव." फेज जाण्याचं कारण न काढता मोटर बांधून बसवली, तर नवी कॉइलही तशीच जाईल.

६. फेज गेला असेल तर मीटर तिन्हीकडे व्होल्टेज कसं दाखवतं?

चांगले वायरमनसुद्धा इथे फसतात. चालू मोटर गेलेल्या फेजच्या टोकावर स्वतःच व्होल्टेज तयार करते, आणि ते पूर्णाच्या बरंच जवळ असू शकतं. मोटर थांबलेली असली तरी टेस्टर पेटतो, कारण बाकीच्या फेजची वीज वाइंडिंगमधून फिरून त्या टोकाला येते. म्हणून टेस्टरवर विसंबू नका. मोटरच्या तिन्ही वायरी सोडवून स्टार्टरच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर आपसांत मोजा, किंवा मोटर चालू असताना प्रत्येक वायरीला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारं मीटर) लावून करंट बघा. व्होल्टेज खोटं दिसू शकतं, पण करंट शून्य असेल तर त्या वायरीत फेज नाही.

७. स्टार्टरमध्ये नेमकं काय बघायचं?

कॉन्टॅक्ट. चोपडा तालुक्यातल्या एका सुतारदादांची पाच एचपीची रंध्याची मोटर एका वर्षात दोनदा बांधून झाली होती. तिसऱ्यांदा आणली तेव्हा मी मोटर दुकानातच ठेवली आणि त्यांच्या शेडवर गेलो. स्टार्टरचं झाकण काढलं. तीन हलत्या पट्ट्यांपैकी दोन चांदीच्या रंगाच्या होत्या. मधली निळसर काळी पडली होती, तिच्या टोकाला मसुराच्या दाण्याएवढा खड्डा होता आणि खालचं बॅकेलाइट तपकिरी होऊन फुगलं होतं. तिची स्प्रिंग तापून मऊ झाली होती, बोटानं दाबली तर परत येईना. रिकामं असताना ती पट्टी टेकायची, लाकूड लागून कंपन सुरू झालं की सुटायची. दोन्ही वेळा मोटर याच पट्टीनं जाळली होती. कॉन्टॅक्टचा एक संच आणि एक स्प्रिंग बदलली, तेव्हापासून ती मोटर माझ्याकडे आलेली नाही.

तपासताना तिन्ही कॉन्टॅक्ट एकाच वेळी टेकतात का ते हातानं दाबून बघा. कानशीनं घासून सपाट करू नका, वरचा चांदीचा थर निघून जातो. स्क्रू आवळा, करपलेली वायर मागे कापून नवं लग लावा. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळून केलेला जोड दिसला तर तो आधी काढा. किटकॅट फ्यूजमध्येही हेच बघायचं: तार शाबूत असते, पण पितळी पकड सैल होऊन काळी पडलेली असते.

आणि ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग. "वारंवार ट्रिप होतो म्हणून डायरेक्ट केला" हे वाक्य मी फार ऐकतो. तो ट्रिप होत होता तेव्हा तुम्हाला काही सांगत होता. रिले प्लेटवरच्या करंटवर लावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या वाटेत बसवलेला असेल, तर प्लेटच्या ५८ टक्क्यांवर.

८. करंट किती यायला हवा? तिन्हींत किती फरक चालतो?

४१५ व्होल्टच्या मोटरला ढोबळमानानं एका एचपीला दीड ॲम्पिअर धरा. तीन एचपीला पूर्ण भारावर साडेचार ते पाच, पाच एचपीला साडेसात, साडेसात एचपीला अकरा, दहा एचपीला चौदा-पंधरा. खरा आकडा प्लेटवरचा. रिकामी असताना यातला तिसरा हिस्सा ते निम्मा करंट येतो.

मोजल्यावर चार शक्यता दिसतात. लाकूड लावल्यावर करंट प्लेटच्या वर गेला आणि तिन्ही सारखे आहेत: भार जास्त आहे (प्रश्न ३) किंवा व्होल्टेज कमी (प्रश्न ४). भार असूनही करंट प्लेटपेक्षा बराच कमी आणि तरी मशीन बसतं: पट्टा घसरतोय. एका वायरीत शून्य: प्रश्न ५ ते ७. तिन्ही वेगवेगळे: खाली वाचा.

व्होल्टेजमधला थोडा फरक करंटमध्ये सहा ते दहा पट होऊन दिसतो. समजा ४१५, ४०८ आणि ३९१ मिळालं. सरासरी ४०५, सर्वांत लांबचा आकडा त्यापासून १४ दूर, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास फरक. एवढ्यानं करंटमध्ये वीस-तीस टक्के तफावत येते आणि मोटर बरीच जास्त तापते. मोटर निर्दोष असूनही.

दोष लाइनचा की मोटरचा, हे ठरवायची एक सोपी युक्ती आहे. मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा: पहिली दुसऱ्याच्या जागी, दुसरी तिसऱ्याच्या, तिसरी पहिल्याच्या. फिरण्याची दिशा बदलत नाही. आता पुन्हा मोजा. जास्त करंट लाइनच्या त्याच वायरीवर राहिला तर दोष सप्लायचा. मोटरच्या वायरीबरोबर सरकला तर दोष मोटरचा.

९. मोटर बांधून आणली, तेव्हापासूनच जोर नाही. काय चुकलं असेल?

हा माझ्याच धंद्याचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

वेढे जास्त पडले तर चुंबकी जोर कमी होतो: मोटर थंड चालते, रिकामा करंट कमी येतो आणि भारावर ती बसते. वेढे कमी पडले तर उलट, रिकामा करंटच फुल लोडच्या जवळ जातो आणि मोटर नुसती फिरून तापते. तार बारीक गेजची वापरली तर जोर सुरुवातीला ठीक असतो, पण तासाभरात मोटर उकळते.

एखाद्या फेजची टोकं उलटी जोडली गेली तर मोटर गुरगुरते, करंट वेडेवाकडे येतात आणि वेग पकडत नाही. हे लगेच कळतं आणि पाच मिनिटांत दुरुस्तही होतं.

न दिसणारा दोष पत्र्यांचा असतो. जुनं वाइंडिंग काढायला स्टेटर (मोटरचा बाहेरचा, न फिरणारा भाग) पेटवून देतात. आच फार झाली की पत्र्यांमधला इन्सुलेशनचा पातळ थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि त्यांच्यातच वीज फिरून उष्णता होते. मोटर रिकामीसुद्धा तापते आणि कितीही वेळा बांधली तरी तापतच राहते. कॉइल कापून, मऊ करून ओढून काढायला जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ द्या आणि तेवढे पैसेही द्या.

आणखी एक, जे फार थोडे लोक सांगतात: रोटर स्टेटरला घासत होता म्हणून कुणी रोटर खरादावर "थोडासा" उतरवला का, ते विचारा. रोटर आणि स्टेटरमधली फट या आकाराच्या मोटरीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ती वाढली की रिकामा करंट वाढतो आणि जोर कायमचा जातो. घासण्याचं खरं कारण सैल झालेलं बेअरिंगचं घर असतं, आणि ते बुश मारून दुरुस्त करायचं असतं.

बांधायला देताना लिहून घ्या: मूळ वेढे, तारेचं गेज, स्टार की डेल्टा. परत घेताना तिन्ही फेजचा रिकामा करंट तुमच्यासमोर मोजून पावतीवर लिहून घ्या.

१०. टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या आडव्या की उभ्या? फरक पडतो का?

फार मोठा. सहा टोकांच्या बॉक्समध्ये तीन उभ्या पट्ट्या म्हणजे डेल्टा, एका ओळीतली तीन टोकं आडव्या पट्टीनं जोडली म्हणजे स्टार. ४१५ व्होल्ट डेल्टाची मोटर चुकून स्टारमध्ये जोडली तर प्रत्येक वाइंडिंगला २४० व्होल्टच मिळतात आणि जोर एक तृतीयांश होतो. रिकामी ती छान, शांत चालते, म्हणून कुणाला संशयही येत नाही. साधारणपणे दोन-तीन एचपीपर्यंतच्या मोटरी स्टार आणि त्यावरच्या डेल्टा असतात, पण प्लेट वाचूनच ठरवा. प्लेटवर २२०/३८० असेल तर ती आपल्या लाइनवर स्टारमध्येच चालते. तिला डेल्टा केली तर जळेल.

हाच दोष स्टार-डेल्टा स्टार्टरमध्येही लपतो. टायमर किंवा डेल्टाचा कॉन्टॅक्टर अडकला तर मोटर स्टारमध्येच राहते. सुरू झाल्यावर काही सेकंदांनी जो "खट्" आवाज येतो, तो येतो का ते कान देऊन ऐका.

११. रोटरला तर वायर नसते. मग तोही खराब होतो का?

होतो. रोटरमध्ये ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या सळ्या असतात आणि दोन्ही टोकांना कडं. वारंवार चालू-बंद होणाऱ्या आणि झटक्यानं भार येणाऱ्या मशीनवर एखादी सळी तुटते किंवा कड्यापासून सुटते. मग जोर कमी होतो आणि भारावर आवाज ऊंऽ ऊंऽ असा लाटेसारखा खालीवर होतो. क्लॅम्प मीटरचा आकडाही त्याच तालात हलतो. वाइंडिंग, व्होल्टेज, स्टार्टर सगळं ठीक आणि तरी ही लक्षणं असतील, तर रोटर काढून बघा. सळीच्या टोकाशी निळसर डाग किंवा केसासारखी चीर दिसते. दिसली नाही तर ग्राउलरवर (चुंबकी क्षेत्र देणाऱ्या तपासणीच्या साधनावर) ठेवून हॅकसॉचं पान प्रत्येक खाचेवरून न्यायचं: चांगल्या सळीवर पान थरथरतं, तुटलेल्या सळीवर शांत होतं.

ओतीव ॲल्युमिनियमचा रोटर दुरुस्त करत बसू नका, बदला. तांब्याच्या सळ्यांचा असेल तर ब्रेझिंग होतं.

१२. सकाळी मोटर छान चालते, दुपारी दम सोडते. का?

मोटरची प्लेट ४० अंश बाहेरचं तापमान धरून केलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे सावलीतच ४४-४५ होतं, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो आणि त्यात दुपारी लाइनही उतरलेली असते. दोन्ही मिळून जोर जातो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे.

मागचं पंख्याचं झाकण काढा. आत भुसा आणि ग्रीस मिळून नमदा बनलेला असतो. पंखा शाफ्टवर सैल तर नाही ना, तेही बघा. बॉडीवरच्या उभ्या रेघांमधला भुसा ब्रशनं काढा आणि तिथे रंगाचे थरावर थर देऊ नका. मोटर उघड्या जाळीची जुन्या पद्धतीची असेल तर भुसा थेट वाइंडिंगवर बसतो. हवा कमी दाबानं मारा, नाहीतर तो आणखी आत जातो. उन्हाळ्यात जाड चिरकामाची वेळ पहाटेची ठेवणारे सुतार माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांच्या मोटरी टिकतात.

१३. डीपीचं काम झालं आणि दुसऱ्या दिवसापासून रंधा कापेनासा झाला.

दोन फेजची अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरत असेल. आवाज आणि करंट नेहमीसारखेच राहतात, पण पाती पाठीनं घासतात. मशीन लगेच बंद करा, उलट्या दिशेनं पात्याचा नट सुटू शकतो. कोणत्याही दोन वायरी बदला. डीपीवर काम झालं की पहिल्यांदा लाकडाशिवाय चालू करून दिशा बघण्याची सवय लावा.

१४. दोन फेजचे दिवे मंद जळतात, तिसऱ्याचा पूर्ण. मोटर सुरूच होत नाही.

बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या, म्हणजे ११ केव्हीच्या बाजूचा एक फेज गेलेला असतो. खाली एका फेजला पूर्ण व्होल्टेज आणि दोघांना जवळजवळ निम्मं मिळतं. तुमच्या शेडमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मोटर बंद ठेवा आणि वीज कार्यालयात नेमकं हेच वाक्य सांगा, म्हणजे माणूस थेट वरचा फ्यूज बघायला येईल. शेजाऱ्याचे दिवेही तसेच आहेत का, हे आधी विचारून घ्या. नसतील तर दोष तुमच्याच सर्व्हिस वायरीत आहे.

१५. शेतात कंडेन्सर लावून पाण्याची मोटर दोन फेजवर चालवतात. मग माझा रंधा का नको?

पंपाचा भार दिवसभर एकसारखा असतो. कंडेन्सरची किंमत अशा एकाच भाराला जुळते. रंध्याचा भार क्षणात शून्य आणि क्षणात पूर्ण होतो. जो कंडेन्सर पूर्ण भाराला जुळतो तो रिकाम्या वेळी एका वाइंडिंगमधून जास्त करंट ढकलतो, आणि जो रिकाम्याला जुळतो तो लाकूड लागताच अपुरा पडतो. वर सुरू होतानाचा जोरही कमीच. त्यातून लोक रिले काढून टाकतात, कारण तो असमान करंटवर ट्रिप होतो. मी हे करून देत नाही. पंपावर करत असाल तर बंद केल्यावर कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, एवढं तरी लक्षात ठेवा.

१६. माझ्याकडे सिंगल फेज कनेक्शन आहे. ड्राइव्ह लावून जुनी थ्री-फेज मोटर चालेल का?

मोटरवर अवलंबून आहे. साधा सिंगल फेज ड्राइव्ह २३० व्होल्ट थ्री-फेज देतो. मोटर ४१५ स्टारची असेल आणि सहाही टोकं बाहेर असतील, तर तिला डेल्टात जोडा, पूर्ण जोर मिळेल. टोकं तीनच बाहेर असतील तर कारागीर स्टारचा जोड उघडून बाकीची तीन बाहेर काढू शकतो. पण ४१५ डेल्टाची मोटर २३० वर चालवली तर जोर तिसऱ्या हिश्शाहूनही कमी राहतो. "ड्राइव्ह लावला आणि मोटर मेली" ही तक्रार मी तपासली तेव्हा बहुतेक वेळा हेच निघालं.

१७. त्याऐवजी जास्त एचपीची नवी मोटर बसवू का?

दोष सप्लायचा किंवा वायरीचा असेल तर मोठी मोटर व्होल्टेज आणखी खाली ओढेल. रोटर गेला असेल किंवा पत्रे जळले असतील, तर मात्र नवी घ्या, जुनीत पैसे घालू नका. घेताना वेग जुळवा: १४४० ची मोटर काढून त्याच पुलीवर २८८० ची बसवली तर रंध्याचा ब्लॉक दुप्पट वेगानं फिरेल, आणि तो त्या वेगासाठी बनवलेला नसतो. उलट केलं तर वेग निम्मा होऊन मशीन कमजोर वाटेल. शाफ्टची उंची आणि जाडीही मोजून न्या.

१८. पावसाळाभर मशीन बंद होतं. आता थेट चालू करू का?

आधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) वाइंडिंग आणि बॉडीमध्ये मोजा. एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर चालू करू नका. दोन्ही झाकणं काढून, आत एक दिवा किंवा बल्ब रात्रभर पेटता ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. आकडा वाढत असेल तर तो नुसता ओलावा होता. दोन दिवसांतही हलला नाही, तर वाइंडिंग आतून गेलं आहे, आणि तेव्हा मोटर खुशाल माझ्याकडे आणा.